वाचकांचे प्रश्न : लेमिंग्टनच्या पंप रूम्स आणि जेफसन उद्यान

गेल्या काही अंकांत आम्ही इंग्लंडमधल्या लहान शहरांविषयी जे लेख छापले, त्यांपैकी रॉयल लेमिंग्टन स्पा या वॉरिकशायरमधील गावावरच्या लेखाला सर्वाधिक पत्रे आली. लेखात पंप रूम्स आणि त्यांच्या समोरचे जेफसन उद्यान यांचा उल्लेख जेमतेम दोन परिच्छेदांत उरकला होता, आणि बहुतेक वाचकांनी नेमके त्याच दोन परिच्छेदांवर बोट ठेवले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : नदीकाठी खांबांची पडवी असलेली एक लांबलचक इमारत दिसते, तिला ‘रॉयल पंप रूम्स’ म्हणतात आणि आत ग्रंथालय आहे, असे आपण लिहिले होते. तेथे पंपाने उपसत तरी काय होते आणि कशासाठी?

उपसत होते ते खारट पाणी. लेमिंग्टनच्या जमिनीखालच्या खडकांतून झिरपणारे पाणी वर येताना मीठ, सोडियम सल्फेट आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊन येते. असा एक झरा गावच्या चर्चजवळ फार पूर्वीपासून माहीत होता. विल्यम कॅम्डेन या इतिहासकाराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याची नोंद केली आहे. मात्र पुढची दोनशे वर्षे त्या पाण्याची विशेष मातब्बरी कोणाला वाटली नाही. गावाचे नाव तेव्हा लेमिंग्टन प्रायर्स असे होते, आणि 1801 च्या जनगणनेच्या वेळी तेथे सुमारे 300 माणसे राहत होती.

गावाचे दैव पालटले ते 1784 मध्ये. बेंजामिन सॅचवेल हा गावचा चर्मकार, फावल्या वेळात पद्ये जुळवणारा आणि पुढे टपालाचे कामही पाहणारा गृहस्थ. त्याला आणि त्याचा मित्र विल्यम ॲबट्स याला दुसरा झरा सापडला, आणि 1786 मध्ये ॲबट्सने त्यावर स्नानगृह बांधले. जुना झरा मात्र जमीनमालक अर्ल ऑफ एल्सफर्ड यांच्याकडेच राहिला. त्यांनी 1803 मध्ये त्याच्यावर छोटेखानी विहीरघर उभारले, पण गोरगरिबांना तेथील पाणी फुकट मिळण्याची सोय कायम ठेवली. म्हणजे एकाच गावात एका झऱ्याचे पाणी विकत होते आणि दुसऱ्याचे मोफत. पुढच्या सगळ्या कथेत हा फरक पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवत आहोत.

हे सगळे घडत होते ते लेम नदीच्या दक्षिण काठावर, जुन्या गावात. उत्तरेकडे शेतजमीन होती, आणि तेथे श्रीमंतांसाठी नवे, रुंद रस्त्यांचे शहर वसवावे असा बेत बर्टी ग्रेटहेड आणि इतर जमीनमालकांनी आखला. नव्या वस्तीकडे पैसेवाले पाहुणे वळवायचे तर नदीच्या त्या अंगालाही झरा आणि स्नानगृह हवे होते. झऱ्याचा शोध घेतला गेला, तो लागला, आणि 1814 मध्ये पंप रूम्स उघडल्या. आराखडा सी. एस. स्मिथ या वास्तुशिल्पकाराचा होता आणि खर्च सुमारे 25,000 पौंड आला. त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. गरम पाण्याच्या नळांची व्यवस्था विल्यम मर्डॉक यांनी केली होती. बोल्टन आणि वॉट यांच्या वाफेच्या इंजिनांच्या कारखान्यात घडलेले आणि कोळशाच्या वायूवर दिवे लावून दाखवणारे हेच ते मर्डॉक. त्यांच्यासारखा माणूस लागला याचे कारण साधे आहे : बाथ शहराचे पाणी जमिनीतूनच सुमारे 45 अंश सेल्सियसला वर येते, तर लेमिंग्टनचे पाणी थंड. ते तापवायचे, नळांनी खेळवायचे आणि एकेका स्नानकक्षापर्यंत पोचवायचे, हे सारे यंत्रावर अवलंबून होते.

इमारतीचे दोन भाग मानता येतील. एका बाजूला स्नानकक्ष, आणि दुसऱ्या बाजूला उंच छताचे प्रशस्त दालन. या दालनात सकाळी पाहुणे जमत, पंपाने उपसलेले पाणी पेल्यातून घोट घोट पीत, येरझाऱ्या घालत, वाद्यवृंद ऐकत आणि कोण कोणाबरोबर आले आहे याची नोंद घेत. पाणी पिण्यापेक्षा या शेवटच्या कामाला अधिक वेळ जात असावा, असे त्या काळच्या स्पा-गावांची, म्हणजे औषधी झऱ्यांच्या गावांची, वर्णने वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

प्रश्न : त्या पाण्याने रोग खरोखर बरे होत असत का, की सगळी जाहिरातबाजी होती?

दोन्ही टोकांची उत्तरे चूक ठरतील. सोडियम सल्फेट आणि मॅग्नेशियमचे क्षार असलेले पाणी पोट साफ करते, यात गूढ काही नाही. आजही रेचक म्हणून हे क्षार वापरले जातात. कोमट पाण्यात डुंबल्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, हेही अनुभवाला येणारे आहे. संधिवात, पक्षाघात, त्वचेचे विकार आणि यकृताची सगळी दुखणी या पाण्याने जातात असे दावे मात्र त्या काळी बेधडक केले जात, आणि ते टिकणारे नव्हते.

लेमिंग्टनची कीर्ती खऱ्या अर्थाने पसरली ती पाण्यापेक्षा एका डॉक्टरमुळे. हेन्री जेफसन (1798–1878) तरुणपणी येथे आले आणि दोनेक दशकांत त्यांच्या दाराशी देशभरातील धनिकांची रीघ लागली. त्यांचे उपचार म्हणजे कडक पथ्य : मोजके आणि साधे जेवण, मद्यावर बंधन, लवकर उठणे, रोज भरपूर चालणे आणि जोडीला लेमिंग्टनचे पाणी. भरगच्च मेजवान्या आणि रोजची पोर्ट वाइन यांवर पोसलेल्या त्या वर्गाला एवढ्याने बरे वाटले असेल तर नवल नाही. कलासमीक्षक जॉन रस्किन यांनीही तरुणपणी, 1841 मध्ये, छातीच्या दुखण्याच्या धास्तीने जेफसन यांचे उपचार घेतले आणि ते सुधारून परतले. जेफसन यांच्या यशातला पाण्याचा वाटा किती आणि पथ्याचा किती, असे विचारले तर आमचे मत पथ्याच्या बाजूने पडेल.

राजाश्रयानेही गावाला हात दिला. राजकन्या व्हिक्टोरिया 1830 मध्ये येथे येऊन गेली होती. राणी झाल्यावर 1838 मध्ये तिने गावाच्या नावाला ‘रॉयल’ हे बिरुद जोडण्यास संमती दिली. तीनशे वस्तीचे खेडे तोवर तेरा हजारांच्या आसपासचे शहर होऊ घातले होते.

प्रश्न : जलोपचारांची लाट ओसरल्यावर ही इमारत पाडली कशी गेली नाही?

पत्रांतला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे लागेल.

ती पडता पडता वाचली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत श्रीमंत लोक समुद्रकिनाऱ्याकडे वळले होते, नेपोलियनची युद्धे संपून युरोप खुला झाल्यामुळे जर्मनी-बोहेमियातील झरेही हाताशी आले होते, आणि आगगाडीने हे सगळे जवळ आणले होते. लेमिंग्टनला आगगाडी 1844 मध्ये पोचली. ती जशी पाहुण्यांना आणत होती तशीच त्यांना इतरत्र नेतही होती. त्यात 1837 मध्ये गावातल्या बँका बुडाल्याने बांधकामाचा जोर आधीच मोडला होता. 1860 च्या सुमारास पंप रूम्सचा धंदा बसला आणि ही जागा मोकळी करून दुसऱ्या कामाला लावावी, असे विचार सुरू झाले. तेव्हा गावातल्याच काही मंडळींनी पुढे होऊन ती घेतली आणि तिच्यात नव्याने पैसे घातले.

त्यांनी केलेली सुधारणा काळ ओळखून केलेली होती. 1863 मध्ये येथे तुर्की पद्धतीचा हमामखाना आणि पोहण्याचा तलाव सुरू झाला. झऱ्याचे पाणी पिण्याचे वेड उतरणीला लागले असताना गरम हवेच्या दालनात घाम गाळण्याचे वेड इंग्लंडमध्ये चढणीला होते. त्या हमामखान्याचे मुख्य दालन अजून शाबूत आहे, आणि आम्हाला विचाराल तर संपूर्ण इमारतीत पाहण्यासारखी खोली तीच आहे. बाहेरून सरळ रेषांची, ग्रीक वळणाच्या खांबांची, संयमी इमारत. आणि आत शिरल्यावर एकदम घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी, रंगीत विटा आणि वर घुमटाचा आभास. तुर्कस्तान कधीही न पाहिलेल्या इंग्रज गिऱ्हाइकाला तुर्कस्तान कसे दाखवावे, याचा तो नमुना आहे.

तरीही नुसत्या हमामखान्याने इमारत तगली नसती. निर्णायक गोष्ट घडली ती 1868 मध्ये, जेव्हा गावाच्या लोकल बोर्डाने, म्हणजे आजच्या भाषेत नगरपालिकेने, पंप रूम्स विकत घेतल्या. खाजगी मालकाला दरवर्षी नफा दिसावा लागतो. पालिकेला तोटा सोसूनही इमारत चालवण्याचे कारण असते, कारण गावाची ओळखच तिच्याशी बांधलेली असते. पालिकेने 1890 मध्ये पोहण्याचा मोठा तलाव बांधला आणि येथूनच पाहुण्यांच्या जागी गावकरी येऊ लागले. लेमिंग्टनच्या कित्येक पिढ्या पोहायला शिकल्या त्या याच छताखाली. 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्यावर सांधेदुखीच्या आणि अपघातातून उठलेल्या रुग्णांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येथे पाण्यातले व्यायाम आणि शेक मिळू लागले. 1814 मध्ये ज्या कक्षांत शिरण्यासाठी पैसे मोजावे लागत, तेथे आता कारखान्यातला कामगारही उपचार घेत होता. ‘स्पा’ मेला तो व्हिक्टोरियाच्या काळात, असे जे सरसकट लिहिले जाते, त्यात ही चार-पाच दशके कोणी धरतच नाही.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आधी पोहणे आणि मग उपचार बंद झाले. जिल्हा परिषदेने इमारतीची आतून फेररचना करून 1999 मध्ये ती पुन्हा उघडली : ग्रंथालय, कलादालन, वस्तुसंग्रहालय, पर्यटकांसाठी माहिती कक्ष आणि उपाहारगृह अशा रूपात. पोहण्याच्या तलावांच्या जागी आज पुस्तकांची कपाटे आणि चित्रे आहेत. मूळ इमारत जशीच्या तशी जपायला हवी होती, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. परंतु या इमारतीची मूळ अवस्था म्हणायची तरी कोणती? 1814 ची, 1863 ची की 1890 ची? दर काही दशकांनी आतून बदलत गेली म्हणूनच ती उभी राहिली, हे आमचे मत आम्ही सोडणार नाही.

प्रश्न : समोरचे जेफसन उद्यान पहिल्यापासून सार्वजनिक होते का? की राजेरजवाड्यांची खाजगी बाग लोकांना दिली गेली?

राजेरजवाड्यांचा संबंध नाही, आणि सार्वजनिक या शब्दाचा आज जो अर्थ आपण घेतो तसे ते पहिल्यापासून नव्हतेही.

पंप रूम्सच्या दारातून बाहेर पडून परेड हा मुख्य रस्ता ओलांडला की उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. ही जमीन न्यूबोल्ड कॉमिनच्या एडवर्ड विल्स यांची. तेथे 1834 पासून न्यूबोल्ड गार्डन्स नावाची बाग होती. डॉ. जेफसन यांचे गावावरचे ऋण फेडावे म्हणून नागरिकांनी वर्गणी काढली, विल्स यांनी जमीन दीर्घ मुदतीने नाममात्र भाड्यावर दिली, आणि 1846 मध्ये डॉक्टरांच्या नावाने नवे उद्यान उघडले. नाममात्र भाडे म्हणजे इंग्लिश कायद्याच्या परिभाषेत मिरीचा एक दाणा : करार वैध ठरावा म्हणून काहीतरी मोबदला लिहिला जातो, वसूल कोणी करत नाही. या जागेवर घरे बांधली जाऊ नयेत, अशी अट त्यामागे होती. गावात चारी बाजूंनी इमारती उठत असताना नदीकाठचा इतका मोक्याचा तुकडा मोकळा राहिला, तो या अटीमुळे.

पण आत शिरायला पैसे पडत. वर्गणीदारांना आणि तिकीट काढणाऱ्यांना प्रवेश, आणि इतरांना ठरावीक प्रसंगी, असा त्या काळच्या बहुतेक बागांचा रिवाज होता. लेमिंग्टनही त्याला अपवाद नव्हते. हे समजून घेण्यासाठी आजूबाजूला पाहावे. डार्बी येथे जोझेफ स्ट्रट या गिरणीमालकाने 1840 मध्ये वृक्षोद्यान दिले, तेव्हा तेही आठवड्यातले काही दिवसच विनामूल्य होते, कारण देखभालीचा खर्च तिकिटांतून निघायला हवा होता. बर्कनहेड येथे 1847 मध्ये जोझेफ पॅक्स्टन यांनी आखलेले उद्यान सार्वजनिक पैशातून उभे राहिले आणि सर्वांना खुले झाले; ती पद्धत नवी होती. जेफसन उद्यान वयाने या दोघांच्या मध्ये बसते. पुढे 1875 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने नगरपालिकांना बागा घेण्याचा आणि त्यांवर कराचे पैसे खर्च करण्याचा अधिकार दिला, आणि तिकिटांवर चालणाऱ्या बागा हळूहळू सगळ्यांच्या झाल्या.

उद्यानातल्या सगळ्या स्मारकांची यादी येथे देत नाही, पण एकाजवळ थांबायलाच हवे. आत शिरल्यावर काही अंतरावर खांबांचे एक लहानसे मंदिर दिसते, आणि त्यात पीटर हॉलिन्स या शिल्पकाराने घडवलेला डॉ. जेफसन यांचा संगमरवरी पुतळा उभा आहे. तो 1849 मध्ये बसवला गेला. एखाद्या माणसाचा तो हयात असताना, त्याच्याच नावाच्या बागेत, देवळासारख्या वास्तूत पुतळा उभारणे ही त्या काळीही जरा अतिच गोष्ट होती, आणि तशी टीका झाली असती तर ती रास्त ठरली असती. पण त्याआधीच, 1848 च्या सुमारास, जेफसन यांची दृष्टी गेली होती आणि त्यांनी व्यवसाय सोडला होता. पुढे जवळजवळ तीस वर्षे ते याच गावात जगले, आणि तो पुतळा त्यांना कधीच पाहता आला नाही.

प्रश्न : लेखात हत्तींचा एक ओझरता उल्लेख होता. इंग्लंडातल्या नदीत हत्ती कुठून आले?

सर्कशीतून. सॅम लॉकहार्ट हा हत्तींना कसरती शिकवणारा प्रसिद्ध प्रशिक्षक लेमिंग्टनचाच. व्हिक्टोरियाच्या काळाच्या उत्तरार्धात त्याचे हत्ती गावात मुक्कामाला असत, आणि त्यांना अंघोळीसाठी लेम नदीवर नेले जाई. नदीत उतरणारी ती फरसबंद उतरंड उद्यानाजवळ आजही दाखवली जाते. पंप रूम्समध्ये माणसांनी पैसे मोजून अंघोळ करावी आणि चार पावलांवर हत्तींनी फुकट, हा योग लेमिंग्टनलाच साधला.

प्रश्न : छत्रीसारख्या आकाराचे कारंजे कसले आहे?

ती छत्री नसून हवाई छत्री, पॅराशूट आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने गिळलेल्या चेकोस्लोव्हाकियाचे मुक्त सैन्य 1940 नंतर लेमिंग्टनमध्ये आणि आसपास तळ ठोकून होते. त्यांतूनच निवडलेले सैनिक विमानातून मायदेशी उतरवले गेले. त्यांपैकी यान कुबिश आणि योझेफ गाबचिक यांनी 27 मे 1942 रोजी प्रागमध्ये नाझी अधिकारी राइनहार्ड हायड्रिश याच्यावर प्राणघातक हल्ला केला. तो काही दिवसांनी मेला. जर्मनांनी सूड म्हणून लिडिस हे संपूर्ण गाव उद्ध्वस्त केले, आणि 18 जूनला प्रागमधल्या एका चर्चमध्ये वेढले गेलेले सातही पॅराशूट सैनिक झुंजत मेले किंवा त्यांनी स्वतःला संपवले. लेमिंग्टनच्या नागरिकांनी आणि चेक मंडळींनी 1968 मध्ये उभारलेल्या या स्मारकात कारंजाचे पाणी पॅराशूटच्या घुमटावरून ओघळते आणि त्यावर त्या सैनिकांची नावे आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. त्यामुळे अनावरणाला जमलेल्यांच्या मनात 1942 आणि 1968 या दोन्ही सालांची दुःखे असणार.

प्रश्न : मुलीकडे बर्मिंगहॅमला जाणार आहोत. तेथून एका दिवसात दोन्ही पाहून होईल का? आम्ही दोघेही सत्तरीच्या पुढचे आहोत.

आरामात होईल. बर्मिंगहॅमहून आगगाडी थेट जाते आणि लेमिंग्टन स्थानकापासून पंप रूम्सपर्यंत रस्ता सपाट आहे. सावकाश चालत गेलात तरी दमछाक होणार नाही. संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही, मात्र आठवड्यातून काही वेळा ते बंद असते, तेव्हा मुलीला त्यांच्या संकेतस्थळावर वेळा पाहून घ्यायला सांगावे. सकाळी आधी इमारत पाहावी आणि हमामखान्याचे दालन चुकवू नये, कारण ते संग्रहालयाच्या आतल्या अंगाला असल्याने पुष्कळ लोक ग्रंथालयातूनच परततात. जेवण झाल्यावर रस्ता ओलांडून उद्यानात जावे. बसायला बाके आहेत, आणि थंडी किंवा पाऊस असेल तर उष्ण प्रदेशातील झाडांचे काचगृह आहे. तेथे आपल्याला ओळखीची झाडे भेटतील. फक्त मार्च-एप्रिलपर्यंतचा बेत असेल तर हवामानाचा अंदाज अवश्य पाहावा. लेम ही दिसायला गरीब नदी असली तरी 1998 च्या ईस्टरला तिने काठ सोडून गावात पाणी घुसवले होते, आणि नदीलगतच्या पायवाटा पावसानंतर निसरड्या होतात. काठी सोबत असू द्यावी.